कोईच्या तळ्यात थव्याने फिरणारे छोटे मासे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंगल्याच्या अंगणात, फार्महाउसवर किंवा गच्चीवर कोईचं, म्हणजे शोभेच्या रंगीत जपानी कार्प माशांचं, तळं आहे आणि त्यात लहान माशांचा थवाही हवा आहे, अशांसाठी हे पान आहे. हवामान पुणे-नाशिक, कोकण-गोवा आणि थोडंफार विदर्भाचं धरलं आहे. परदेशातल्यांसाठी एक प्रश्न खाली वेगळा आहे.

कोई छोट्या माशांना खातात का?

तोंडात मावले तर खातात. कोई हा काही पाठलाग करून शिकार करणारा मासा नाही. त्याच्या जबड्यात दातच नसतात. दात असतात घशात, आणि त्यांनी तो गोगलगाय सहज फोडतो. त्याची खाण्याची रीत म्हणजे तोंड पुढे काढायचं आणि समोरचं पाणी आत ओढायचं. पाण्याबरोबर जे आलं ते चाखायचं, नको ते थुंकायचं. त्यामुळे प्रश्न कोईच्या स्वभावाचा नाही, मापाचा आहे. वीतभर कोई झेब्रा डॅनियोचं काही बिघडवू शकत नाही. तोच दोन फुटांचा झाला की सुस्तावलेला किंवा आजारी छोटा मासा त्याच्या ओढीत सापडतो.

दुकानदार म्हणतात, ‘लहानपणापासून एकत्र वाढवा, सवय होते.’ सवय होते ती छोट्यांना, कोईला नाही. थवा टिकवायचा असेल तर मासे चपळ हवेत आणि कोईचं तोंड पोहोचणार नाही असा एक कोपरा त्यांच्या मालकीचा हवा. यातली एकच गोष्ट असून भागत नाही.

मग कोणते मासे टिकतात?

आपल्याकडे माझी पहिली पसंती जायंट डॅनियोला. आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, अंगाने चपटा, आणि दिवसभर वरच्या थरात धारेविरुद्ध पोहत असतो. कोई बहुतेक वेळ तळाशी आणि मधल्या थरात असतात, त्यामुळे गाठी-भेटी कमीच. याच गणातले मासे पश्चिम घाटातल्या ओढ्यांत आहेत, म्हणजे इथली हवा त्यांना परकी नाही. एकच खोड, उडी मारतो. तळ्याचा काठ पाण्यापासून निदान सहा इंच वर ठेवा.

झेब्रा डॅनियो चार सेंटिमीटरचा. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे, त्यावरूनच त्याचा काटकपणा समजावा. तळ्यात मात्र त्याची भिस्त वेगावर आणि लपायच्या जागेवर. मोठे कोई असतील तर लपायची जागा तयार झाल्याशिवाय आणू नका.

तिसरा रोझी बार्ब. अंगाने भरलेला, सात-आठ सेंटिमीटरचा, आणि थंडी सोसणारा. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हाही खोल तळ्यात हा बरा राहतो. नर विणीच्या वेळी लालबुंद होतात. शेवाळंही खातो. मात्र कोवळी पाणवनस्पतीही तो त्याच प्रेमाने खातो.

गप्पी सोडले तर? डासांसाठी महापालिका गप्पीच देते.

डासांच्या अळ्या गप्पी आवडीने खातात हे खरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आपल्याकडे त्यांचा यासाठी वापर आहे. पण गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले आणि पोहण्यात मंद. लांब शेपटीचे रंगीत नर मोठ्या कोईसमोर फार दिवस टिकत नाहीत. साधे, आखूड शेपटीचे गप्पी झाडांच्या कप्प्यात (तो कसा करायचा ते खाली आहे) राहतात, दर महिन्याला पिल्लं देतात, आणि जास्तीची पिल्लं कोई खातात. हे चक्र कुणाला चालतं, कुणाला पाहवत नाही. थवा असा त्यांचा होत नाहीच, घोळका होतो.

आणि ज्या तळ्यात पंप चालू आहे, पाणी हलतं आहे, कोई फिरत आहेत, तिथे डास अंडी घालत नाहीत म्हटलं तरी चालेल. डास होतात ते शेजारच्या कुंडीखालच्या ताटलीत.

गंबुशिया मात्र नको. तोही डासांसाठीच आणलेला, पण दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो.

निऑन टेट्रा, टायगर बार्ब, टिनफॉईल, मिस केरला, सकर?

निऑन: नाही. मऊ, आम्लधर्मी पाण्यातला नाजूक मासा, इथे तो महागडं खाद्य ठरेल.

टायगर बार्ब: पर कुरतडतो. लांब परांचे बटरफ्लाय कोई असतील तर अजिबात नको.

टिनफॉईल बार्ब आणि सिल्व्हर शार्क: दुकानात बोटभर दिसतात, वाढून फूटभर होतात. जागा मोठी आणि पाणी बाराही महिने उबदार असेल तर जमतात, पण मग ते ‘छोटे मासे’ राहत नाहीत.

मिस केरला, म्हणजे डेनिसन बार्ब: देखणा आणि चपळ. पण निसर्गात तो धोक्यात आलेला आहे, केरळ-कर्नाटकातल्या नद्यांतून पकडून त्याची भरमसाट निर्यात झाली. शिवाय त्याला गार, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. विदर्भातल्या उघड्या तळ्यात मे महिना त्याला निभणार नाही.

सकर: शेवाळं खाईल म्हणून लोक आणतात. मोठा झाला की रात्री सुस्त कोईच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खातो आणि तिथे जखमा होतात. शेवाळ्याला उपाय सावली आणि कमी खाणं, सकर नव्हे.

नदीतून जाळं मारून आणलेली खवली वगैरे पिल्लं: दिसायला गोड, पण बरोबर उवा आणि जंत येतात. त्यात एखादं पिल्लू तिलापियाचं निघालं की तळं त्याचंच.

थवा वरून दिसेल का?

हा प्रश्न लोक मासे आणल्यानंतर विचारतात, खरं तर आधी विचारायला हवा. काचेच्या टाकीत आपण मासा बाजूने पाहतो, तळ्यात वरून. बहुतेक छोट्या माशांची पाठ गडद असते, पक्ष्यांना दिसू नये म्हणून. झेब्राचे पट्टे कुशीवर असतात, त्यामुळे काळ्या लायनरच्या, म्हणजे आतून काळं कापड अंथरलेल्या, तळ्यात वीस झेब्रा सोडले तरी पाहुण्यांना एकही दिसत नाही. कोईची गोष्ट वेगळी. जपानमध्ये निइगाताच्या डोंगराळ भागात एकोणिसाव्या शतकात त्यांची रंगीत निवड सुरू झाली ती वरून पाहण्यासाठीच, म्हणून लाल-पांढरे डाग पाठीवर आहेत.

त्यामुळे दिसायला हवेत तर फिकट सोनेरी डॅनियो किंवा लाल-केशरी जातीचा रोझी बार्ब घ्या. जायंट डॅनियो वळताना चमकतात, सकाळी तिरपं ऊन असताना छान दिसतात, दुपारी नाही. रंगीत थवा खंड्यालाही दिसतो, ते पुढे येईलच.

लपायची जागा नेमकी कशी करायची?

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे घालवा.

तळ्याच्या एका टोकाला, शक्यतो फिल्टरचं पाणी परत येतं त्या बाजूला, दीड-दोन फूट रुंदीचा पट्टा जाळीने वेगळा करा. जाळी प्लॅस्टिकची, बागेच्या कुंपणाला वापरतात ती, एक इंच भोकांची. छोटे मासे आरपार जातात, कोईचं फार तर थोबाड अडतं. जाळी पीव्हीसी पाइपच्या चौकटीवर केबल टायने बांधा आणि टायची कापलेली टोकं आतल्या बाजूला वळवा. कोई अंग घासत जातात, एका टोकदार टायने खवल्यांची ओळ निघते. जीआय जाळी नको. तिचं जस्त पाण्यात उतरतं आणि माशांना बाधतं. जाळी तळापर्यंत टेकलेली आणि पाण्याच्या वर चार बोटं आलेली हवी.

आत कर्दळ, वेखंड, छत्रीसारखं पसरणारं सायपरस, यांच्या कुंड्या विटांवर ठेवा. मातीवर जाड खडी पसरा. कर्दळीची मुळं कुंडीबाहेर येऊन पाण्यात झुपके करतात आणि छोट्यांना रात्रीचा आसरा तिथेच मिळतो. रात्र महत्त्वाची आहे. अंधारात हे मासे जवळपास निपचित असतात, चपळाईचा उपयोग नसतो, आणि गायब होतात ते बहुधा तेव्हाच.

एवढं करायचं नसेल तर भाजीचे प्लॅस्टिक क्रेट उलटे करून, वर दगड ठेवून, दोन-तीन ठिकाणी बुडवा. देखणं नाही, पण काम करतं. दगड धुतलेला असू द्या. ताज्या सिमेंटचा ठोकळा नको, चुन्याने पाण्याचा पीएच चढतो.

जलपर्णी? मुळांच्या जाळीसाठी उत्तम, पण कोई ती मुळं ओरबाडून खातात. कप्प्याच्या आत ठेवायची तर ठेवा. वाढलेली मात्र वाळवून खतात टाका. ओढ्यात टाकून नद्यांची आणखी दैना नको.

किती पाण्यात किती मासे?

दहा फूट लांब, सहा फूट रुंद, चार फूट खोल तळ्यात साधारण ६,८०० लिटर पाणी मावतं. एका मोठ्या कोईला हजार लिटर हा ढोबळ हिशेब धरला तर सहा कोई, फार तर सात.

छोट्यांचा भार त्यामानाने किरकोळ. जायंट डॅनियो पाच-सात ग्रॅमचा, म्हणजे पंचवीस डॅनियो मिळून सव्वाशे ते पावणेदोनशे ग्रॅम. दोन फुटांच्या जवळ आलेला एक कोई दोन किलोच्या वर. थव्यामुळे तळं खराब होत नाही, सातव्या-आठव्या कोईमुळे होतं. ‘छोटेच तर आहेत’ म्हणत थव्यावर पैसे वाचवू नका. पाच-सहा सोडले तर विखुरतात, घाबरून कप्प्यातून बाहेर येत नाहीत. वीस-पंचवीस एकदम सोडा.

फिल्टर त्यांना ओढून घेईल का?

घेईल, सोय केली नाही तर. तळाच्या ड्रेनपेक्षा वरच्या स्किमरचा, म्हणजे पृष्ठभागावरची पानं ओढून घेणाऱ्या तोंडाचा, धोका जास्त, कारण डॅनियो वरच असतात. स्किमरच्या तोंडाशी बारीक जाळी लावली तर पाने अडकून पंप कोरडा पडतो. त्यापेक्षा टोपली रोज सकाळी उचलून पाहा, आत पडलेले मासे बहुधा जिवंत असतात. पंप थेट तळ्यात असेल तर त्याला जाड स्पंजचा पिंजरा घाला. मोठ्या पृष्ठभागातून पाणी हळू ओढलं जातं, मासा चिकटत नाही.

नवे मासे आणल्यावर थेट सोडले तर काय होतं?

कधी काहीच होत नाही. कधी तीन आठवड्यांत सगळे कोई गेलेले असतात. कोई हर्पिस व्हायरस कोई आणि कार्प यांनाच मारतो, पण दुसरे मासे लक्षणं न दाखवता तो वाहून आणू शकतात. पाणी साधारण १६ ते २८ अंशांत असताना तो पेटतो, म्हणजे पुण्या-नाशिकचा अर्धाअधिक काळ. त्याला औषध नाही. याशिवाय पांढरे ठिपके, माशांच्या उवा आणि अंगात रुतणारा अँकर वर्म आहेतच.

म्हणून वेगळ्या टबात तीन-चार आठवडे, वेगळी जाळी, वेगळी बादली. टबात कोईच्या तळ्याचं पाणी आणा, टबाचं पाणी तळ्यात नेऊ नका. शंभर रुपयांच्या डॅनियोसाठी एवढं कशाला, असं वाटतं. तळ्यात हजारोंचे कोई आहेत म्हणून.

सोडताना कोईंना आधी पोटभर खाऊ घाला, आणि छोटे जाळीच्या कप्प्यात सोडा, उघड्या पाण्यात नाही. कप्प्याची भोकं पहिले आठ-दहा दिवस बारीक जाळीने बंद ठेवता आली तर उत्तम. त्यांना घर कळतं.

खाणं दोघांना एकच चालेल?

कोईच्या तरंगत्या गोळ्या डॅनियोच्या तोंडात मावत नाहीत, पण गोळी भिजून सुटणारा चुरा ते टिपतात. तेवढ्यावर दुबळे होतात. एका टोकाला कोईंना गोळ्या टाका आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला, कप्प्यात, बारीक दाणे चिमूटभर. वेळ चुकली की कोई जाळीशी गर्दी करतात.

थंडीत पाणी पंधराच्या खाली गेलं की कोईंचं खाणं निम्म्यावर आणा, दहाच्या खाली बंद. चुरमुरे, पोळी, ब्रेड, शेव, यातलं काहीही नको. पाहुण्यांच्या मुलांच्या हातात खाण्याचा डबा देऊ नका, एवढं तर घरात ठरवून टाका.

पिल्लं होतील का?

डॅनियो आणि बार्ब अंडी विखरून मोकळे होतात आणि मागे वळून स्वतःच खातात. उरलेली कोई खातात. त्यातूनही कप्प्यात मुळांच्या गर्दीत काही वाचतात, पावसाळ्यात सुईएवढी पिल्लं दिसतात. चतुराच्या अळ्या त्यातली बरीच उचलतात.

उलट बाजूही आहे. कोई अंडी घालतात तेव्हा थवा त्या अंड्यांवर ताव मारतो. एक मोठी मादी लाखभर अंडी घालते, तेव्हा मला तरी यात तोटा दिसत नाही.

उन्हाळ्यात काय सांभाळायचं?

प्राणवायू. वीस अंशांना पाणी लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, तीस अंशांना साडेसात. मासे मात्र तापलेल्या पाण्यात जास्त वापरतात. मोठ्या कोईंची तडफड आधी सुरू होते, पहाटे ते धबधब्याशी तोंड वर काढून उभे दिसतात. छोटे वरच्या थरात असल्याने थोडे जास्त तग धरतात. म्हणून थवा ठणठणीत दिसला तरी कोईंकडे पाहा. हिरवी शेडनेट, चार फूट खोली, आणि वीज गेली तरी बॅटरीवर चालणारा एअर पंप, हे तीन हवेतच.

दुसरा धोका नळाचा. बाष्पीभवनाने पाणी उतरतं, आपण नळी सोडतो आणि विसरतो. डॅनियोंना धार आवडते, ते नेमके नळीच्या तोंडाशी जमतात, आणि क्लोरिन सर्वांत जास्त तिथेच. पाणी आधी ड्रममध्ये घेऊन हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, टाका, मग सोडा. बोअरचं पाणी क्लोरिनमुक्त असलं तरी त्यात प्राणवायू कमी असतो, ते फवाऱ्याने पडू द्या.

पहिल्या पावसात मासे मेले. पावसाच्या पाण्यात काय असतं?

काही नसतं, तीच अडचण. पावसाचं पाणी मऊ. पाण्यातला पीएच सावरून धरणारे क्षार पातळ होतात आणि पीएच एकदम घसरतो. घाटावर बोअरचं पाणी जड असल्याने हे कमी होतं. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मुळातच मऊ, तिथे जास्त. फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची पिशवी ठेवा, हळूहळू विरघळून ती पाणी सावरते. पत्र्याचं किंवा गच्चीचं पाणी तळ्यात उतरत असेल तर पन्हळ आधी वळवा.

आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी लावा. धारेच्या मागे जाणारे मासे आहेत हे. पाणी काठावरून वाहिलं की थवाच्या थवा अंगणातून गटारात.

कोईला औषध द्यायचं आहे. छोट्यांचं काय?

मीठ ०.३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे हजार लिटरला तीन किलो खडे मीठ, दोन-तीन दिवसांत विभागून दिलं तर डॅनियो आणि रोझी बार्ब काही दिवस सोसतात. कर्दळ-वेखंडाच्या कुंड्या मात्र बाहेर काढा. मीठ उडून जात नाही, पाणी बदलल्यानेच कमी होतं, त्यामुळे महिन्यानंतर पुन्हा तेवढंच टाकू नका.

पोटॅशियम परमँगनेट अंदाजाने टाकायचं औषध नव्हेच. तळ्याचे लिटर नक्की ठाऊक नसतील तर हात लावू नका. छोट्यांचे कल्ले आधी पोळतात. जाळीचा कप्पा इथेही उपयोगी पडतो: खाणं टाकून थवा आत घ्या, मागून फळी सरकवा आणि उचलून टबात ठेवा. उघड्या तळ्यात डॅनियो पकडायला गेलात तर संध्याकाळ जाईल आणि हाती दोन येतील.

खंड्या, ढोकरी, साप?

खंड्या थव्यातले रोज टिपतो, ढोकरी काठावर उभी राहून वाट पाहते, पाणकावळा तर लहान कोईही नेतो. काठ उभा आणि पाणी काठापासून खोल असेल तर ढोकरीला पाय ठेवायला जागा राहत नाही. वर जाळी ताणायची तर ती ताठ आणि जमिनीपासून वर हवी. सैल नायलॉन जाळीत दिवड अडकून मरते. दिवड बिनविषारी आहे, बेडूक-मासे खाते. तिला मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

डासांची धूर फवारणी होते तेव्हा?

त्यातली कीटकनाशकं माशांना फार घातक. गाडीचा आवाज आला की तळ्यावर ताडपत्री टाका आणि एअर पंप तासभर बंद ठेवा, नाहीतर तोच धूर ओढून पाण्यात सोडेल. पाण्याचा पंप चालू राहू द्या. बागेतल्या फवारणीलाही हेच लागू.

घरचा शाडूचा गणपती याच तळ्यात विसर्जित केला तर?

नको. शाडू माती दिवसभर पाण्यात तरंगत राहते, छोट्यांच्या कल्ल्यांत बसते, फिल्टर चोंदतो. रंग आणि हार-फुलांचं आणखी वेगळं. तळ्याशेजारी बादलीत विसर्जन करा, माती बागेत घाला.

आम्ही न्यू जर्सीत आहोत. तिथे डॅनियो चालतील?

उन्हाळ्यापुरते. तळ्यावर बर्फ धरतं तिथे डॅनियो आणि बार्ब मरतात, त्यांना शरदातच घरात न्यावं लागेल. तिकडचा काटक पर्याय फॅटहेड मिनो, त्याच्या केशरी जातीला रोझी रेड म्हणतात. मूळचा उत्तर अमेरिकेचाच, बर्फाखाली हिवाळा काढतो. आपल्या राज्याचे नियम आधी पाहा, सोडायच्या माशांबाबत ते वेगवेगळे आहेत. गोल्डन ऑर्फ युरोपात या कामासाठी लोकप्रिय आहे, पण तो दीड फुटांचा होतो आणि त्याला गार पाणी लागतं.

मासे जास्त झाले तर नदीत सोडायचे का?

नाही. गप्पी, सकर, कोई, एकही नाही. दुकानात परत द्या, शेजाऱ्यांना द्या.

रोज एक-दोन कमी होतात, मेलेले दिसत नाहीत. कुठे जातात?

आधी स्किमरची टोपली आणि फिल्टरचा पहिला कप्पा पाहा. मग काठाभोवती दोन-तीन फूट, मुंग्यांची रांग कुठे जाते ते. उडी मारलेला डॅनियो तिथे सापडतो. मग ओव्हरफ्लोचा पाइप. काठावर किंवा जवळच्या फांदीखाली पांढरी शिट दिसली तर खंड्या. यातलं काहीच नसेल तर थवा आठवडाभर जाळीच्या कप्प्यात कोंडून मोजा. आत संख्या तेवढीच राहिली तर कोईच खात आहेत: कप्पा वाढवा किंवा झेब्रा सोडून जायंट डॅनियो आणा. आतही कमी होत असतील तर पाण्यात दिवड आहे किंवा आजार आहे. मग अमोनिया आणि पीएच त्याच दिवशी तपासा.